फडावरून परतलेलं मूल आणि आपला वर्ग

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं गेलं पाहिजे. सहावी ते आठवीसाठी हा आकडा २२० दिवस आणि १,००० तासांचा आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासार किंवा शेजारच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल मात्र यातल्या निम्म्या दिवसांनाच शाळेत असतं. जूनच्या मध्याला शाळा उघडते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला टोळ्या निघतात. गाळप आटोपून माणसं गावी परततात तोवर मार्च-एप्रिल उजाडलेला असतो आणि शाळेत परीक्षेची गडबड सुरू असते.

यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. दरवर्षी या मुलाचा बुडतो तो वर्षाचा उत्तरार्धच. पहिलीचा उत्तरार्ध, दुसरीचा उत्तरार्ध, तिसरीचा उत्तरार्ध. म्हणजे चौथीत बसलेल्या मुलाचं केवळ दीड वर्ष गेलेलं नसतं. पुस्तकाच्या मागच्या निम्म्या भागात जे जे येतं, ते त्याने एकदाही पाहिलेलं नसतं. उलट आधीच्या इयत्तेची उजळणी, वर्षाच्या सुरुवातीची तीच ती बेरीज त्याने दर वर्षी केलेली असते. शिक्षकांना वाटतं, याला काही गोष्टी झकास येतात आणि काही अजिबात येत नाहीत, तेव्हा याचं लक्षच नसतं. लक्षाचा इथे काही संबंध नाही. येतं ते सगळं जून ते ऑक्टोबरमधलं असतं आणि येत नाही ते नोव्हेंबरनंतरचं.

म्हणून या मुलांसाठी ‘विद्यार्थिकेंद्रित शिक्षण’ या जड शब्दाचा अर्थ फार साधा होतो. वर्ग पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे ते बाजूला ठेवायचं, मूल कुठे आहे ते शोधायचं आणि तिथून पुढे निघायचं. हे नेमकं कसं करायचं, ते पायरीपायरीने पाहू.

सुरुवात चाचणीने होते, पण पेपर-पेन्सिलच्या चाचणीने नाही. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने एक अगदी छोटं साधन रूढ केलं. ‘असर’ या नावाने २००५ पासून देशभर होणाऱ्या पाहणीत तेच वापरलं जातं. एका कागदावर चार गोष्टी असतात : काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मुलाला शेजारी बसवून आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. सलग, अर्थ धरून वाचला तर गोष्ट द्यायची. परिच्छेदात अडखळला तर शब्द. शब्दांतले कोणतेही पाच त्याने स्वतः निवडायचे आणि चार बरोबर वाचले की ती पातळी त्याची. तेही जमलं नाही तर अक्षरं, पुन्हा पाचातली चार. गणितालाही हीच रीत आहे : एक ते नऊ अंकांची ओळख, मग दोन अंकी संख्यांची, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं.

एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. तीस पटाच्या वर्गाची चाचणी दोन-तीन दिवसांत, इतर मुलं काही लिहीत-वाचत असताना होऊन जाते. पण ही पाच मिनिटं कशी जातात, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. फडावरून आलेलं मूल चारचौघांत वाचायला घाबरतं, कारण तिसरीतला धाकटा चुलतभाऊ आपल्यापेक्षा बरं वाचतो हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा चाचणी व्हरांड्यात किंवा झाडाखाली, एकेकट्याची घ्या. आधी दोन गोष्टी बोला : कोणत्या कारखान्याला गेला होतास, बैलगाडी होती की ट्रॅक्टर, बैलांची नावं काय. चुकला तर दुरुस्त करू नका, फक्त नोंद करा. आणि ही पातळी निकालपत्रावर चढवण्यासाठी नाही, उद्या त्याला कुठे बसवायचं हे ठरवण्यासाठी आहे, हे स्वतःशीही पक्कं असू द्या. ‘अक्षर गट’ हे नाव वर्गात मोठ्याने उच्चारलं गेलं की ते मुलाला चिकटतं. गटांना झाडांची नावं द्या, नद्यांची द्या.

आता गट पाडायचे. रोज एक तास, जमलं तर दीड तास, तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसता पातळीप्रमाणे बसतील. दोन शिक्षकी शाळेला हे उलट सोयीचंच पडतं, कारण तिथे नाही तरी एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत ‘प्रथम’ने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली आणि २००७ साली निष्कर्ष छापले. सर्वांत मागे असलेल्या मुलांची प्रगती त्यात ठळक दिसली. २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यामागे ज्या कामाचा विचार झाला, त्याची सुरुवात महापालिकेच्या शाळांतल्या या वर्गांसारख्या ठिकाणी आहे, हे आपल्या शिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावं.

गट पाडले, पुढे काय? अक्षर गटातल्या मुलाला पुन्हा ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत नेऊ नका. तो त्या वाटेने तीनदा जाऊन आलेला आहे आणि तिन्ही वेळा मध्येच थांबलेला आहे. मोजकी, वारंवार लागणारी अक्षरं घ्या आणि लगेच काना-वेलांटीची जोड द्या. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर ‘काम’, ‘माल’, ‘कमाल’, ‘कर’, ‘मार’, ‘कामाला’ असे शब्द पहिल्या दोन दिवसांत वाचता येतात. शब्द वाचता आला की मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून येतं. निव्वळ अक्षरांची घोकंपट्टी करून येत नाही.

यापेक्षाही प्रभावी एक साधन आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मुलाचं बोलणं लिहून काढायचं. मूल सांगेल ते, त्याच्याच शब्दांत, त्याच्यासमोर फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवा. ‘आमची कोपी कॅनॉलच्या कडंला व्हती. रातच्याला लई थंडी वाजायची. म्या पाचट पेटवलं.’ यातला ‘व्हती’ खोडून ‘होती’ करू नका. निदान आज नको. हे वाक्य त्याला पाठ आहे, कारण ते त्याचं आहे. म्हणून त्यावर बोट ठेवून तो वाचू लागतो आणि वाचता वाचता आपण बोललेलं आणि लिहिलेलं एकच आहे, हा शोध त्याला लागतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या शब्दांवरच वाचन उभं केलं. १९६३ सालचं त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक त्याचीच हकिकत आहे. बंजारा घरातलं मूल गोरमाटीत बोललं, तर तेही देवनागरीत लिहा आणि शेजारी मराठी लिहा. अशी वीस-पंचवीस पानं जमली की शिवून त्यांचं पुस्तक करा आणि ते वाचनपेटीत ठेवा. ऊसतोडीच्या मुलांच्या आयुष्यावरची वाचायला सोपी पुस्तकं बाजारात फारशी नाहीत. तुमच्या शाळेत ती तयार होऊ शकतात.

गणितात चित्र वेगळं असतं. या मुलांना हिशेब येत नाही, असा समज करून घेण्याआधी त्यांना तोंडी विचारून पाहा. उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या मोजून विकणारं, दुकानातून सुटे पैसे बरोबर घेऊन येणारं मूल तोंडी बेरीज-वजाबाकी करतं. अडतं ते कागदावर मांडताना, विशेषतः दशक-एककात. त्याच्या हाताला मोळी परिचयाची आहे. दहा काड्यांची एक मोळी, दहा मोळ्यांचा एक भारा, असं काड्यांचं साहित्य मुलांकडूनच बांधून घ्या. ५२ मधून २७ वजा करायचे तर एक मोळी सोडावी लागते. हातचा घेणं म्हणजे हीच सोडलेली मोळी, हे त्याला एकदा हाताने कळलं की पुन्हा विसरत नाही. थोड्या मोठ्या मुलांना टनाचा हिशेब द्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन ऊस तोडला तर जुन्या दराने किती झाले आणि नव्या दराने किती, हे सहावीतल्या मुलांनी काढावं. गुणाकार, फरक, टक्केवारी सगळं त्यात आलं. इथे एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. उदाहरण कोणत्याही कोयत्याचं असावं, वर्गातल्या मुलाच्या आईबापाचं नसावं. घरावर किती उचल आहे, हा प्रश्न वर्गात कधीच येता कामा नये.

साहित्याबद्दल फार लांबण लावत नाही, कारण कमतरता साहित्याची नाही. बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा चौथीतल्या मुलासाठी दुसरीच्या पुस्तकाची हवी ती पानं छापून घेता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनिहाय लावलेली मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत. ती मोफत उतरवून घेता येतात, छापता येतात, आपल्या बोलीत बदलूनही घेता येतात. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी आपलं सारं काम सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’वरचे धडे उघडतात. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर फोनमध्ये उतरवून आणावेत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जे करून दाखवलं, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. दुर्दैवाने अनेकांनी तिथून फरशीवर रंगवलेले तक्ते तेवढे आणले. मुलांनी एकमेकांशी बोलत, चुकत, हाताळत शिकायचं असतं आणि तक्ते त्यासाठी असतात, ही मूळ गोष्ट रंगाखाली राहून गेली.

आता वर्गाबाहेरचं बोलू. उपाशी मूल शिकत नाही, हे सांगायला संशोधन लागत नाही. तरी पोषण आहाराकडे ‘शाळेला लागलेलं एक काम’ म्हणून पाहिलं जातं, त्याचं मला वाईट वाटतं. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. आईबाप फडावर असताना आजीपाशी राहिलेल्या मुलाचं ते दिवसातलं सर्वांत भरीव जेवण असू शकतं. सकाळी रिकाम्या पोटी आलेलं मूल पहिल्या दोन तासांत पेंगतं. शक्य असेल तिथे वाचन-गणिताचा तो महत्त्वाचा तास जेवणानंतर ठेवून पाहा.

पालकांबद्दलही एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तोही योगायोगाने उसाशी निगडित होता. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे हात तंग असताना, आणि तोडणीनंतर, म्हणजे पैसे हाती आल्यावर, विचारशक्तीच्या त्याच चाचण्या दिल्या गेल्या. माणसं तीच. पण तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी लक्षणीयरीत्या कमी भरली. पैशाची विवंचना मनाचा मोठा भाग व्यापून टाकते आणि बाकी गोष्टींना जागा उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. आधार कार्डाची प्रत आणायला विसरलेली आई, पालकसभेला न आलेला बाप यांच्याकडे या नजरेने पाहिलं तर ‘यांना मुलांच्या शिक्षणाची पर्वाच नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी येणार नाही. त्याऐवजी कागद कमी मागावेत, अर्ज आपणच भरून फक्त सहीला न्यावा आणि सभा संध्याकाळी वस्तीवर घ्यावी.

शाळेने मुलाच्या जगण्याप्रमाणे आपला आकार बदलायचा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसलं, की आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव तिथलं आहे. पुढे कोसबाडला मोठ्या मुली कडेवरच्या भावंडांमुळे शाळेत येऊ शकत नव्हत्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी उभी राहिली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. आज धाकट्या भावाला घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिलेली पाचवीतली मुलगी दिसली, तर त्याला घरी ठेवून ये म्हणू नका. दोघांनाही आत घ्या. धाकट्याला कागद आणि खडू द्या. ती मुलगी परत गेली तर ती भावासकट परत जाते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटली की त्या भागात तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायला वेळ लागत नाही.

सर्वांत निकडीचं काम सप्टेंबरमधलं आहे. कोणतं घर यंदा जाणार हे गावात तोवर ठरलेलं असतं, उचल उचललेली असते. शिक्षकाने घरोघर जाऊन यादी करावी : मूल, इयत्ता, कोणता कारखाना, मुकादम कोण, गावात मागे कोण राहणार. आजी-आजोबा किंवा चुलता गावात असेल तर मुलाला मागे ठेवता येतं. त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून हंगामी वसतिगृह चालवण्याची तरतूद आहे. ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मूल नातेवाइकांकडे झोपतं, दुपारी शाळेचा आहार घेतं तसं सकाळ-संध्याकाळी वसतिगृहात जेवतं. प्रस्ताव वेळेत गेला नाही तर टोळ्या निघून जातात आणि वसतिगृह मागाहून मंजूर होऊन काही उपयोग होत नाही. म्हणूनच सप्टेंबर. याखेरीज २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली : ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहं. आपल्या तालुक्यातलं वसतिगृह कुठे आहे, जागा किती आहेत, याची चौकशी शिक्षकाने करून ठेवावी, कारण पालकापर्यंत ही माहिती पोचेलच याचा भरवसा नसतो.

मूल आईबापांबरोबर जाणारच असेल, तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावं. त्यावर ते कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येतं याची नोंद असते. तिकडच्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचं. कायदा इथे शिक्षकाच्या पाठीशी भक्कम उभा आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं ही कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ सांगतं. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १४. आणि शाळा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम ४. पण कलमांपेक्षा लवकर काम करतो तो एक फोन. कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ‘आमची सहा मुलं तुमच्याकडे येताहेत, कोप्या अमुक ठिकाणी पडल्यात’ एवढं कळवलं, तर तिकडचे शिक्षक त्यांना शोधत जाऊ शकतात. टोळी कर्नाटकात गेली तर माध्यमाचा प्रश्न येतो. तिथे मुलाबरोबर दिलेली गोष्टींची पुस्तकं, कोरी वही आणि आठवड्यातून एकदा वडिलांच्या फोनवर केलेलं बोलणं एवढाच धागा उरतो. तोही तोडू नये.

एप्रिलमध्ये मूल परत आलं की पुन्हा तोच पाच मिनिटांचा कागद काढायचा. मे महिन्याच्या सुट्टीत वाचायला पुस्तकं घरी द्यायची. हरवली तर हरवली. बंद कपाटात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकापेक्षा वापरून फाटलेलं पुस्तक शाळेच्या जास्त उपयोगी पडलेलं असतं.

या सगळ्यातून उचल संपणार नाही, कोयता सुटणार नाही. ते शिक्षकाच्या हातातलं नाही आणि त्याचं ओझं शिक्षकावर टाकणं अन्यायाचं आहे. ती जबाबदारी सरकारची, कारखान्यांची आणि स्वस्त साखर खाणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे. शिक्षकाच्या हातात जून ते ऑक्टोबरचे साडेचार महिने आहेत. त्यात रोजचा एक तास नीट वापरला तर अक्षरांवर अडलेलं मूल गोष्ट वाचण्याच्या वाटेला लागू शकतं, आणि वाचू लागलेलं मूल फडावर गेलं तरी हातात आलेला कागद वाचत राहतं. तेव्हा शिक्षकहो, शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात चाचणी घ्या, दुसऱ्या आठवड्यात गट पाडा आणि सप्टेंबर संपायच्या आत जाणाऱ्या मुलांची यादी व वसतिगृहाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांच्या हाती द्या.